बेडकीला रिव्हर्स नव्हता

१

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. ताईने दारातूनच "अण्णा" म्हणून हाक मारली, उत्तर आलं नाही तशी ती वळलीसुद्धा. पण तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईंचे पाय जागच्या जागी खिळले. आत जळक्या पेट्रोलचा वास कोंडला होता. कोपऱ्यातल्या त्या बुटक्या गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या, आणि बाजूच्या काचेवर बोटं ओढल्यासारखे पट्टे उमटले होते.

"ताई," बाई म्हणाल्या. "अण्णा गाडीत आहेत."

ती गाडी म्हणजे बेडकी. अंड्यासारखं फायबरचं अंग, पुढे दोन चाकं, मागे एक, आणि डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. कंपनीने दिलेलं नाव कधीच विसरलं गेलं होतं, लोकांनी ठेवलेलं तेवढं टिकलं. तिला बाजूला दारं नव्हती, काचाही न उघडणाऱ्या. दार एकच, तेही पुढे. गाडीचं अख्खं तोंडच कपाटाच्या दारासारखं उघडायचं. आणि आत्ता ते तोंड भिंतीला चिकटलेलं होतं.

ताई मुठींनी काच बडवायला लागली. तो आवाज ऐकून तिचा नवरा अंगणातून धावत आला. त्याच्या मागोमाग अण्णांचे धाकटे भाऊ आले. त्यांना घरात आणि बाहेरही सगळे काकाच म्हणत. क्लबातून परतताना फाटकातच गलका ऐकू आला, असं ते म्हणाले.

"सरका, सरका. हँडब्रेक लागलाय, मी सोडतो," म्हणत काका गाडीमागे वाकले आणि लगेच उठले. "हं, ओढा आता."

जावयाने जोर लावला. गाडी हातगाडीसारखी मागे आली. तोंड उघडलं आणि अण्णा सीटवरून पुढे कलंडले ते थेट ताईच्या खांद्यावर. ताई दातांची डॉक्टर. तिने सवयीने मानेपाशी बोटं टेकवली. ती बोटं बराच वेळ तिथेच राहिली. मग तिने मान हलवली आणि वडिलांचा चष्मा नीट केला.

बाईंना रडू आलं नाही. त्या अण्णांच्या हातांकडे बघत होत्या. सगळ्या बोटांची पेरं सोललेली होती. माणूस झोपेत गेला नव्हता. बाहेर पडायला तो जिवाच्या आकांताने धडपडला होता.

२

बाई या घरच्या कुणी नव्हत्या. मूठभर गाड्या काढून ज्या कंपन्यांनी कायमचं शटर ओढलं, त्यांचा इतिहास लिहायचा त्यांना नाद होता. कुठे एखाद्या शिंप्याने बांधलेली कापडी टपाची मोटार, कुठे पंपाच्या कारखान्यात जन्मलेली दोन सीटांची गाडी. बनवणारी माणसं म्हातारी झाली होती आणि त्यांना विचारायला कुणी येत नव्हतं. बाई जायच्या. अण्णांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'चौकशीबाई' ठेवलं होतं आणि माडीवरची खोली त्यांना राहायला दिली होती.

त्या पहिल्या दिवशी अण्णांनी त्यांना बेडकीत बसायला सांगितलं आणि बाईंना दरदरून घाम फुटला. कोंडलेल्या जागेचं त्यांना लहानपणापासून भय. लिफ्ट दिसली की त्या जिना शोधायच्या.

"अहो, घाबरता काय," म्हणत अण्णा स्वतः आत जाऊन बसले आणि तोंड लावून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी गाडीत त्यांचे हात डोळसासारखे फिरत. वर कुठेतरी खटका वाजला, छताचा चौकोन उघडला आणि अण्णांचं टक्कल पिंजऱ्यातल्या पोपटासारखं बाहेर आलं. बाईंना हसू आवरेना.

"हिला रिव्हर्स नाही," वरूनच ते सांगायला लागले. "त्या वेळी मिळालेल्या इंजिनाला मागचा गिअरच नव्हता. नाक भिंतीला लागलं की माणूस आत अडकला. म्हणून ही वरची वाट. आणि ही अक्कल माझी नाही बरं, धाकट्याची. लहानपणी तो खेळता खेळता कपाटात कोंडला गेला होता. सगळा आराखडा बघून झाल्यावर म्हणाला, अण्णा, वर एक वाट ठेव."

"पण काकांच्या कार्डावर तर 'बेडकीचे जनक' असं छापलंय," बाई म्हणाल्या.

"छापू दे. निम्मा जनक तर आहेच," अण्णा हसले.

आज बाई हे सगळं आठवत बसल्या होत्या. इन्स्पेक्टर दिवाणखान्यात बसून समजावत होते. देहाने दणकट आणि बोलायला मऊ असा माणूस. घरी दुपारी कुणी नव्हतं. ताई दवाखान्यात, जावई त्याच्या शेडवर, काका क्लबात, आणि बाई जुन्या कारखान्याची जागा बघायला गेलेल्या. म्हाताऱ्याला हौस आली, त्याने गाडी अंगणात फिरवली, आत घालताना नजरेने दगा दिला, नाक भिंतीला टेकलं. पेट्रोल संपेपर्यंत सीटमागून इंजिनाचा धूर आत येत राहिला.

"मग इंजिन बंद का नाही केलं त्यांनी?" ताईने विचारलं.

"आतली किल्ली नुसती शोभेची निघाली. इंजिन मागून दोरी ओढून सुरू होतं, बंद करायची कळही मागेच. तुमच्या वडिलांनी बाहेरून सुरू केलं असेल, मग आत बसले असतील."

"आणि छत?" बाई बोलून गेल्या. "ते आतून उघडतं."

इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "जुनी गाडी, बाई. जाम झालं असेल."

पण चार दिवसांपूर्वी जे एका खटक्यात उघडलं होतं, ते असं जाम कसं होईल? आणि अण्णांच्या गाडीची किल्ली शोभेची नव्हती. त्यांनी ती फिरवून इंजिन सुरू केलेलं बाईंनी स्वतः ऐकलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गॅरेजमध्ये गेल्या. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून ताईला सोबत घेतलं. ऊन दारापर्यंतच येत होतं. बेडकीचं तोंड उघडंच होतं आणि ती कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसत होती.

बाईंनी बाहेरूनच हात लांब करून छताच्या चौकोनावर बोट फिरवलं. चारही बाजूंनी खाच होती, खाचेत काळा रंग होता. खटक्याच्या जागी खटक्याच्या आकाराचा उंचवटा होता. त्यांनी नख घातलं. नख कुठेच शिरलं नाही. दाबलं, ढकललं. तो चौकोन उघडणारा नव्हताच. छताला नुसती रेघ होती.

"ताई, हे बघा."

ताईने खिशातला छोटा टॉर्च काढला, दवाखान्यातला, रोग्याच्या तोंडात उजेड पाडायचा. तिने खाचेजवळ वाकून कडा न्याहाळल्या.

"हे बारीक बुडबुडे दिसतात ना कडेला? दाताचा ठसा घेताना घाई झाली की असेच राहतात." तिने टॉर्च बंद केला. "हा ठसा आहे, बाई. खऱ्या गाडीवरून साचा काढून हिचं अंग ओतलंय. छत बंद असताना साचा घेतला, म्हणून त्याची नुसती रेघ उमटली."

"म्हणजे ही अण्णांची गाडी नाही."

"नाही."

आपण दोघी आत्ता कुठल्या वस्तूला हात लावून उभ्या आहोत, हे एकाच वेळी दोघींच्या ध्यानात आलं आणि दोघी मागे सरकल्या.

परवा अण्णांना डोळ्यांच्या इस्पितळात नेलं होतं. ताई सोबत, बाईही सोबत. दिवसभर घर रिकामं होतं. गाडी बदलायला तेवढा वेळ पुष्कळ होता, आणि परत आल्यावर गाडीवरच्या नेहमीच्या ताडपत्रीखाली कोण बघतंय?

"ताई, असं काम करू शकणारं कोण आहे?"

ताईने टॉर्च खिशात घातला. तिचा नवरा फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवायचा, हे बाईंना माहीत होतं. तरी ताईने ते तोंडाने सांगितलं, जणू सांगितल्यावाचून तिला राहवेना.

"घरात एकच माणूस आहे," ती म्हणाली.

अंगणातून तोच माणूस तिला हाक मारत होता.

४

शेडमध्ये रसायनाचा डोळ्यांना झोंबणारा वास भरला होता. अर्धवट टाक्या कवट्यांसारख्या रांगेने पालथ्या पडल्या होत्या. जावई हातमोजे न काढताच स्टुलावर बसला. तो बोलका माणूस, येताजाता बाईंची थट्टा करायचा. आज तो हातमोज्यांवरचे वाळलेले थेंब खरवडत बसला.

"मी बनवली," शेवटी तो म्हणाला. "अंग तेवढं. इंजिन, चाकं सगळं काकांनी दुसरीकडे बसवून घेतलं. साचा उन्हाळ्यात काढला, अण्णा बहिणीकडे गेले होते तेव्हा. काका म्हणाले, प्रदर्शनात ठेवायला नक्कल हवी, अण्णांना सरप्राइज द्यायचंय, कुठे बोलू नकोस."

"आणि काल, ती गॅरेजमध्ये बघितल्यावर?" ताईने विचारलं. ती दारातच उभी होती, आत आली नव्हती.

"मला कळलीच नाही. रंग सारखा, सगळं सारखं. आणि कळलं असतं तरी... तू मला काय म्हणाली असतीस?"

"आता काय म्हणू?"

जावयाने मान खाली घातली. बाईंना त्याची दया आली आणि भीतीही वाटली. खोटं बोलणारा माणूस असाच मान खाली घालतो. खरं बोलणाराही.

"छत बंद का ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

"काका म्हणाले, उघडणारं ठेवलं तर पाणी गळतं. काय करायचंय, नुसती बघायची तर आहे."

घरापाशी आल्यावर ताई म्हणाली, "बाई, आज तुमच्या खोलीला आतून कडी लावून घ्या."

"तुम्ही कुठे झोपणार?"

"दवाखान्यात."

बाई माडीवर गेल्या. खोली होती तशीच दिसत होती. पलंगाची चादर ताठ, पुस्तकं खिडकीत. पण त्यांची पिशवी त्या नेहमी चेन भिंतीकडे करून ठेवत, ती आता दाराकडे होती. त्यांनी आत चाचपलं. कपडे होते, चष्मा होता. अण्णांचं बोलणं ज्यात होतं तो रेकॉर्डर नव्हता.

५

संशय घेऊन बाई पलीकडच्या गल्लीत काकांच्या घरी गेल्या, तर रेकॉर्डर त्यांच्या टेबलावर होता. लपवलेला नव्हता, चहाच्या कपाशेजारी उघडा ठेवलेला होता. बाई दारात आल्या तसे काका उठून उभे राहिले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

"न विचारता आणला, माफ करा. भावाचा आवाज ऐकावासा वाटला. पण हे यंत्र काही मला चालवता येईना."

भिंतभर फोटो होते. बेडकीशेजारी काका, हार घातलेले काका, माइकसमोर काका. एका फोटोत कडेला अण्णांचा अर्धा खांदा आला होता.

"माझ्याबद्दल काही बोलला का हो तो?" काकांनी चहा ओतता ओतता विचारलं.

छताची ती गोष्ट अण्णांनी रेकॉर्डर सुरू व्हायच्या आधीच सांगितली होती. ती आत्ता सांगून टाकावी असं एकदा ओठांवर आलं. पण हा माणूस उत्तराची वाट बघताना पापणी हलवत नव्हता, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अजून आम्ही तिथवर पोचलो नव्हतो."

"अस्सं." काका बसले. "जावयाने सांगितलं असेलच तुम्हाला नकलेचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती अण्णाचीच इच्छा. म्हणाला, मूळ गाडी नीट जपली पाहिजे, घरात नक्कल ठेवू. आता ती परदेशी निघालीय, एका मोठ्या संग्रहालयात. जहाजाची तारीख ठरली म्हणून घाईने न्यावी लागली."

"अण्णांना हे माहीत होतं?"

"त्याच्याच संमतीने झालं सगळं. अलीकडे विसरायचा फार. नकलेत बसलोय हे विसरला असेल बिचारा, आणि वरचं छत शोधत राहिला असेल."

सगळं जुळत होतं. शंका घ्यायला जागा नव्हती. बाईंनी रेकॉर्डरकडे हात नेला तेव्हा काकांनी तो अलगद उचलून स्वतःच्या खिशात घातला.

"राहू दे दोन दिवस माझ्याकडे. शिकेन चालवायला." ते त्यांना पोचवायला दारापर्यंत आले. पायरीवर बाईंच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाले, "तुम्हाला कोंडलेल्या जागेची धास्ती वाटते ना? अण्णा सांगत होता. जपा हं."

बाई रस्त्याला लागल्या. वळून बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी वळून बघितलं. काका पायरीवरच उभे होते.

६

सकाळच्या गाडीने निघून जावं असं बाईंना वाटत होतं. सामान भरूनही झालं. ताई नाश्ता घेऊन वर आली, भरलेली पिशवी तिने बघितली, आणि ती पलंगाच्या काठावर बसली.

"तुम्ही गेलात तर मी या घरात कुणाशी बोलू?" ती म्हणाली. "नवऱ्याचं खरं मानू की काकांचं? दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय आणि दोघंही मला जेवलीस का म्हणून विचारतात."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

त्या पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या. या वेळी त्यांनी मनाला बजावलं की अण्णा बसले होते तिथून बघायचं. त्या गाडीत शिरल्या नाहीत, पण गुडघ्यांवर बसून डोकं आत घातलं. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, जिथे बसलेल्या माणसाचे पाय पोचतात तिथे, रंगावर काळे ओरखडे होते. दोन. टाचांच्या आकाराचे. नव्या रंगावर इतके ठळक की अण्णांच्या बुटांचं रबरच तिथे उतरलं होतं.

गिअरचा दांडा मोकळा होता, न्यूट्रलमध्ये. पोलिसांनी त्याला हात लावला नव्हता.

बाई बाहेर येऊन अंगणातल्या कठड्यावर बसल्या. त्यांना अण्णा दिसत होते. धूर, अंधुक डोळे, वरती न उघडणारं छत. आणि तरीही म्हाताऱ्याचं डोकं चालू होतं. ही गाडी दोन माणसांनी उचलावी एवढी हलकी. गिअर मोकळा करून पायांनी भिंतीकडे रेटा दिला तर काय होईल?

त्यांना पुढचं सुचलं. मग परवाच्या संध्याकाळचं सगळं दृश्य, काच बडवणारी ताई, धावत आलेला जावई, मागे वाकलेले काका, त्यांच्या डोळ्यांसमोरून पुन्हा एकदा गेलं. बाईंनी ते थांबवून नीट बघितलं.

"ताई," त्यांनी हाक मारली, "इन्स्पेक्टरना बोलवा. सगळ्यांना बोलवा. काकांनाही."

७

"मी नाही मावत हो यात," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांनी एक पाय आत घालून बघितला आणि काढून घेतला. काका मंद हसले. जावई पुढे झाला, पण ताई म्हणाली, "तू नको." मग कुणीच हललं नाही.

"मी बसते," बाई म्हणाल्या.

आत गेल्यावर दार लागलं आणि जग एकदम लहान झालं. आतल्या नव्या रंगाचा वास घशाशी येत होता. जावयाने गाडी पुढे ढकलली, नाक भिंतीला टेकलं. समोर काचेपलीकडे नुसती विटांची भिंत. बाईंनी डोळे मिटले, गिअर मोकळा केला, दाराच्या खालच्या भागावर दोन्ही टाचा रोवल्या आणि रेटा दिला. बेडकी सुळकन मागे सरकली. दार उघडून त्या बाहेर आल्या.

"बघितलंत?" त्या इन्स्पेक्टरना म्हणाल्या. "अण्णांनीही हेच केलं. टाचांचे ओरखडे आत आहेत, गिअर मोकळा आहे. ज्याने मूळ बेडकी घडवली त्याला हे सुचणारच. मग त्यांची गाडी मागे का नाही सरकली?"

इन्स्पेक्टरांचा चेहरा बदलला. "मागे काहीतरी होतं."

"लाकडाचा ठोकळा लावा मागच्या चाकाला," बाई जावयाला म्हणाल्या, आणि पुन्हा आत बसल्या.

या वेळी त्यांनी रेटा दिला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दिला. पाठ सीटवर आपटली. गाडी तसूभर हलली नाही. आपण स्वतः सांगून बसलोय, बाहेर पोलीस उभा आहे, हे सगळं माहीत असूनही त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. त्यांचे हात आपोआप छताकडे गेले, त्या रेघेकडे, आणि नखं रंगावर घासली. अण्णांचेही असेच गेले असतील. बाजूच्या काचेतून माणसं दिसत होती. सगळ्यात जवळ काका उभे होते आणि त्यांच्याकडेच बघत होते.

बाईंनी जिवाच्या कराराने श्वास घेतला आणि त्या ओरडल्या, "काका, हँडब्रेक सोडा."

बाहेर कुणी हललं नाही.

"त्या दिवशी सोडलात तसा. मागे वाकून."

"कसला हँडब्रेक?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"हँडब्रेक इथे आत आहे. माझ्या हाताशी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो वरखाली करून दाखवला. त्याचा करकर आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

ताई सावकाश गाडीमागे गेली आणि काका वाकले होते तिथे वाकली. बराच वेळ तिने बघितलं. उठली तेव्हा ती काकांशी बोलली, दुसऱ्या कुणाशी नाही.

"मागे काहीच नाही सोडण्यासारखं. ठोकळ्याशिवाय."

इन्स्पेक्टरांनी पायाने ठोकळा उडवला आणि स्वतः गाडी ओढली. बाई बाहेर पडून भिंतीला टेकल्या. काका पळाले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सगळ्यांच्या देखत उचललात तो," बाई म्हणाल्या. "कोटात घालून नेलात. आम्ही अण्णांकडे बघत होतो."

"त्याला गाडी चालवायची हौस आली होती," काका बोलायला लागले, अगदी साध्या आवाजात. "आंधळा झालेला, त्याला काय कळणार, असं वाटलं. मीच इंजिन सुरू केलं, त्याला बसवलं, दार लावलं. त्याने वर हात नेला. छत चाचपलं. म्हणाला, ही माझी नाही. माझी कुठाय? उद्या त्या चौकशीबाईला सगळं सांगतो, म्हणाला." ते थांबले. "संग्रहालयातली पाटी तयार झालीय. माझ्या नावाची. आयुष्यभर मला लोक बेडकीवाले म्हणून ओळखतात. मी गाडी पुढे ढकलली, मागे ठोकळा लावला, बस्स. राग उतरेपर्यंत बसू दे म्हटलं. मी परत येणार होतो."

"इंजिन चालू होतं, काका," ताई म्हणाली.

"हो."

"बंद करायची कळ मागे होती. तुमच्या हाताशी."

काकांनी रुमालाची घडी घातली.

बाईंना वाटलं होतं आता भीती जाईल. ती गेली नाही. पण तिच्या जोडीला दुसरंच काहीतरी दाटून आलं, आणि जे काकांच्या घरी ओठांवर येऊन परतलं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. "अण्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते की छताची कल्पना धाकट्याची. तुम्ही लहानपणी कपाटात कोंडले गेला होतात, म्हणून तुम्हाला सुचली. निम्मा जनक तो आहेच, म्हणाले."

"असं म्हणाला?" काकांनी विचारलं.

"हसत हसत म्हणाले."

काका तिथेच जमिनीवर बसले. इन्स्पेक्टरांना त्यांना दोन्ही काखांत हात घालून उठवावं लागलं.

८

खरी बेडकी बंदरातल्या गोदामात सापडली, खोक्यात बंद, जहाजावर चढायच्या आत. काकांच्या नावाच्या पाटीचं काय झालं ते संग्रहालयाने कळवलंच नाही. काकांनी पुढे कोर्टात सगळं नाकारलं, मग कबूल केलं, मग पुन्हा नाकारलं. क्लबातल्या माणसांनी मात्र ठाम सांगितलं की ते त्या दुपारी तिथे आलेच नव्हते.

बाईंचा मुक्काम त्याआधीच हलला होता. निघायच्या दिवशी जावयाने त्यांची पिशवी फाटकापर्यंत आणून दिली आणि तो शेडकडे निघून गेला. तो आता तिथेच झोपायचा. ताई त्याला डबा पाठवायची. याहून जास्त काय ठरलंय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"गॅरेजला सील लावलंय," ताई म्हणाली. "ती नक्कल मुद्देमाल आहे म्हणे, तुमच्या रेकॉर्डरसारखीच. चौकीत ठेवायला जागा नाही, म्हणून निकाल लागेपर्यंत इथेच राहणार."

"कधी लागेल निकाल?"

"कुणी सांगत नाही. वर्षंही जातील म्हणतात." ताईने फाटकाची कडी काढली. घराच्या बाजूने गॅरेजची छोटी खिडकी दिसत होती, आणि तिच्यातून गोल वटारलेला एक दिवा. ताई बोलताना तिकडे पाठ करून उभी होती. "मी कपडे पुढच्या अंगणात वाळत घालते आता. मागे गेलं की ऊन पडून तो दिवा चमकतो. वाटतं, आत कुणीतरी हात हलवतंय."

बाईंनी ताईचा हात हातात घेतला. तो गार होता. रिक्षा आली, ती दोन्ही बाजूंनी मोकळी होती, तरी बाई अगदी कडेला, एक पाय बाहेर काढता येईल अशा बसल्या.